मिलिमीटर लहरी, हजार अँटेना आणि मुंबई

लोलक

"फ्रीक्वेन्सी वाढली की सिग्नल हवेतच मरतो" हे वाक्य इथल्या बऱ्याच धाग्यांवर येऊन गेलंय. ते अर्धं चूक आहे, आणि मोठ्या अँटेना अ‍ॅरेची सगळी गंमत त्या चुकलेल्या अर्ध्यातच आहे. (अ‍ॅरे म्हणजे एकाच फळ्यावर ओळीने मांडलेले बरेच अँटेना.) म्हणून हा वेगळा धागा. पोटापाण्यासाठी बरीच वर्षं मोबाईल नेटवर्कचं रेडिओ प्लॅनिंग केलंय, तेव्हा थोडी आकडेमोड होणार. कंटाळलात तर खुशाल खाली सरका.

लहर ९०० मेगाहर्ट्झची असो की २६ गिगाहर्ट्झची, मोकळ्या जागेत ती सारखीच पसरते. अंतर दुप्पट झालं की दर चौरस मीटरवर पडणारी ऊर्जा पाव होते, यात फ्रीक्वेन्सीचा काही हात नाही. फरक पडतो झेलणाऱ्या अँटेनामुळे. साधा अँटेना साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या मापाचा असतो. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, २६ ला साडेअकरा मिलिमीटर (म्हणून या वरच्या पट्ट्यांना 'मिलिमीटर लहरी' म्हणतात). म्हणजे २६ चा अँटेना लांबीला साडेसात पट आणि क्षेत्रफळाला ५५ पट लहान. मग तो झेलणारही ५५ पट कमी, डेसिबल या पटी मोजायच्या मापात साडेसतरा. सूत्रात ही घट 'पाथ लॉस' या नावाने लिहितात आणि आळ येतो बिचाऱ्या हवेवर.

यावर तोड काय? ३.५ चा एक अँटेना जेवढी जागा खात होता तेवढ्याच जागेत २६ चे ५५ बसवायचे. घट भरून निघाली! पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही टोकांना तेवढ्याच क्षेत्रफळाचे अँटेनांचे फळे ठेवलेत, तर २६ वर उलट ५५ पट जास्त ऊर्जा पोचते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण गणित मांडून बघा.

आता मापं बघू. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने ३२ ओळी आणि ३२ रांगा, असे एकूण १०२४ घटक (म्हणजे छोटे अँटेना) २६ गिगाहर्ट्झला साडेअठरा सेंटिमीटरच्या चौकोनात मावतात. तेच ९०० मेगाहर्ट्झला करायचं म्हटलं तर फळा सव्वापाच मीटर लांब आणि तेवढाच रुंद होईल. टॉवरवर कोण चढवू देणार? हजार-हजार अँटेना ही चैन फक्त वरच्या पट्ट्यांनाच परवडते ती यामुळे.

नुसते घटक मांडून मात्र भागत नाही. समजा, गिरगावात ढोलपथक रस्ताभर पसरलंय आणि तुम्ही एका कोपऱ्यावर उभे आहात. प्रत्येक वादकाने आपल्या अंतराच्या हिशेबाने टिपरू किंचित आधी किंवा नंतर मारलं, तर सगळ्यांचा ठोका तुमच्या कानावर एकाच क्षणी आदळेल आणि बाजूच्या गल्लीत नुसता गोंगाट ऐकू येईल. अ‍ॅरेत हेच काम फेज शिफ्टर, म्हणजे प्रत्येक घटकाची लहर किंचित मागे-पुढे सरकवणारे भाग, करतात. एकही वादक जागचा हलला नाही, तरी आवाजाची दिशा बदलली. बीमफॉर्मिंग ते हेच. गंमत म्हणजे यात फायदा दोनदा मिळतो. प्रत्येक घटकाला दहा मिलिवॅट दिलेत तर १०२४ चे मिळून दहा वॅट झाले, आणि ते सगळे एका दिशेला गोळा झाल्यामुळे त्या दिशेला आणखी १०२४ पट.

याची किंमतही मोजावी लागते. ३२ घटकांच्या ओळीचा झोत जेमतेम तीन-सव्वातीन अंश रुंद असतो. १२० अंशांचा सेक्टर (एका पॅनेलच्या वाट्याला आलेला भाग) आणि वर-खाली तीसेक अंश धरले, तर असे साडेतीनशेच्या आसपास झोत लागतात. फोन यातल्या कुठल्या झोताखाली आहे हे शोधायचं कसं? ५जीच्या मानकात या वरच्या पट्ट्यांसाठी शोधझोत जास्तीत जास्त ६४ ठेवलेत. त्यामुळे आधी जाड झोताने चाचपायचं, मग त्यातल्या त्यात बारीक करत जायचं. त्यातच फोन हातात फिरला, बोट अँटेनावर आलं, की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी किंमत विजेची. प्रत्येक अँटेनामागे स्वतंत्र रेडिओ आणि गिगाहर्ट्झच्या वेगाने चालणारा, लहरींचे आकडे करणारा कन्व्हर्टर लावला, तर डबा वीज पिऊन तापतो. म्हणून शेकडो घटक फेज शिफ्टरने जोडायचे आणि मागे मोजकेच रेडिओ ठेवायचे, अशी हायब्रिड रचना करतात. त्यात एका वेळी मोजकेच झोत निघतात. स्वस्ताईचा हा दंड.

आता आपल्या गावाकडे वळू. २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. जिओने प्रत्येक सर्कलमध्ये (मोबाईल परवान्याच्या विभागात) १००० मेगाहर्ट्झ घेतला, एअरटेलने ८००. ३.३ च्या पट्ट्यात (आपण ३.५ म्हणतोय तो हाच) दोघांकडे १००-१०० आहे. म्हणजे वर आठ-दहा पट रुंद रस्ता बराचसा रिकामा पडलाय. माझं मत असं की मुंबईत घोडं अँटेनाच्या संख्येवर अडलेलं नाही. ते काचेवर, पत्र्यावर आणि झाडावर अडलंय. न्यूयॉर्कमध्ये २८ गिगाहर्ट्झवर केलेल्या मोजमापांत साध्या काचेतून जाताना चारेक डेसिबल गेले आणि टिंटेड काचेतून चाळीस. चाळीस डेसिबल म्हणजे दहा हजार पट. १०२४ अँटेनांनी कमावलेले तीस डेसिबल बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका निळसर काचेत बुडाले आणि वर दहा पट उधारी राहिली.

---

शिंपला

छान लिहिलंय. शाळेत असतं तर मी फिजिक्स सोडलं नसतं.

एक शंका. आमची छत्रीवाली टीव्ही डिश जुलैत हमखास राम म्हणते. ती तर म्हणे १२ गिगाहर्ट्झवर असते. मग २६ चं पावसात काय होणार?

---

लोलक

शिंपलाताई, तासाला ५० मिलिमीटर म्हणजे चांगला झोडपणारा पाऊस. त्यात २६ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे आठेक डेसिबल जातात, १०० मिलिमीटरच्या पावसात सोळाच्या आसपास. ऐकायला भयंकर वाटतं, पण शब्द 'किलोमीटरमागे' असा आहे. २६ ची साईट (अँटेना बसवलेली जागा) तुमच्यापासून दोनशे मीटरवर असली तर शंभर मिलिमीटरच्या पावसातही सव्वातीन डेसिबलच जातात. तेवढं मार्जिन प्लॅनिंग करतानाच ठेवतात.

डिशचं दुखणं निराळं आहे. तिचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटरवरून आधीच क्षीण होऊन येतो, आणि शेवटी तिरका येताना पावसातून काही किलोमीटरचा पट्टा कापतो. मार्जिन मुळातच थोडं, म्हणून लगेच हात वर. अर्थात २६ जुलै २००५ सारखा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरचा दिवस उगवला, तर सिग्नलच्या आधी वीज जाईल.

---

चाळकरी

वाचतोय. अवांतर: ढोलपथकाचं उदाहरण गिरगावातल्या माणसाला लगेच पटलं, कारण बाजूच्या गल्लीतला तो गोंगाट आम्हीच ऐकतो.

---

खांबावरचा

लोलक साहेब, मी तुमच्या प्लॅनिंगवाल्यांच्या दुसऱ्या टोकाला असतो. वर चढणारा. वसई ते कुलाबा सगळ्या गच्च्या पालथ्या घातल्यात. तुम्ही काच आणि पत्रा म्हणालात, तर पत्र्याबद्दल मी सांगतो.

मुंबईत जुन्या बिल्डिंगला गळती लागली की सोसायटी गच्चीवर पत्र्याची शेड ठोकते. पावसाच्या तोंडावर तर लाईनच लागते. आपण मेमध्ये अँटेनाचा पॅनेल लावतो तेव्हा समोर मोकळं असतं. जूनमध्ये समोरच्या बिल्डिंगवर शेड येते, तीही नेमकी आपल्या झोताच्या उंचीला. ३.५ चा पॅनेल असेल तर कस्टमरला थोडं कमी मिळतं, तो ओरडत नाही. २६ असेल तर त्या लाईनमधली घरं सरळ बंद. मग तक्रारीचं तिकीट येतं, "साईट डाऊन आहे, बघून ये". साईटला काही झालेलं नसतं, सगळे दिवे हिरवे.

कधी पत्रा उलटा उपयोगीही पडतो. कांदिवलीला एका घराला समोरून थेट लाईन नव्हती, मध्ये पिंपळ. बाहेरचं युनिट मी खिडकीच्या ग्रीलवर बाजूच्या बिल्डिंगच्या शेडकडे तोंड करून लावलं आणि हळूहळू फिरवत गेलो. एका जागी अ‍ॅपवरचा आकडा टुणकन वर गेला. सिग्नल पत्र्यावरून उडून येत होता. बोटभर हलवलं की गायब. तिथेच नट आवळले आणि ताईंना सांगितलं, ग्रीलवर गादी वाळत घालू नका. त्या म्हणाल्या, बरं, चादर चालेल का? चादर चालते. ओली चालत नाही.

---

तिरकस

हे सगळं ठीक, पण दक्षिण कोरियाचं काय? जगात सगळ्यांच्या पुढे धावून त्यांनी २८ गिगाहर्ट्झ विकलं. कबूल केलेल्या साईट्स कंपन्यांनी उभारल्याच नाहीत, म्हणून २०२२-२३ मध्ये सरकारने तिन्ही कंपन्यांचे परवाने काढून घेतले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत या पट्ट्याचे अँटेनाच नसतात. मग हा हजार अँटेनांचा जागर कोणासाठी? प्रोफेसरांच्या पेपरांसाठी?

---

लोलक

तिरकसराव, फोनपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

पहिली म्हणजे घराला चिकटवलेलं युनिट. ते हलत नाही, त्याला बॅटरीची चिंता नाही, त्याचा स्वतःचा अ‍ॅरे मोठा असू शकतो आणि झोत एकदा सापडला की सहसा तिथेच राहतो. वर खांबावरच्यांनी सांगितलेली कांदिवलीची केस हीच. बिल्डिंगमध्ये फायबर ओढायला परवानगी, खोदाई, डक्ट या भानगडी आल्या की २६ चा हा मार्ग बरा वाटू लागतो. मुंबईत २०२३ पासून जी 'एअरफायबर' कनेक्शनं सुरू झाली त्यांच्या जाहिरातींत हे तपशील नसतात, पण रुंद पट्ट्याची खरी भूक तिथेच आहे.

दुसरी गोष्ट, खूप अँटेना लावण्याची कल्पना मुळात मिलिमीटर लहरींसाठी आलेलीच नाही. २०१० साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेच्या थॉमस मार्झेटांनी विचारलं, की बेस स्टेशनवर अमर्याद अँटेना लावले तर काय होईल? उत्तर असं निघालं की नॉइज आणि जवळपास सगळा आपसातला व्यत्यय सरासरीत विरून जातो. राहतो तो फक्त शेजारच्या सेलमध्ये (टॉवरच्या हद्दीत) तेच पायलट सिग्नल, म्हणजे वाट ओळखण्यासाठी पाठवलेले ठरलेले सिग्नल, पुन्हा वापरल्यामुळे होणारा गोंधळ. सध्या मुंबईच्या गच्च्यांवर ३.५ च्या पट्ट्यात जे ६४ रेडिओंचे पॅनेल दिसतात (आत साधारण १९२ घटक) ती याच विचाराची व्यवहारी आवृत्ती. फोन वर पाठवतो त्या पायलटवरून पॅनेल वाट ओळखतो आणि त्याच वाटेने खाली पाठवतो. पाठवणं आणि घेणं एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं म्हणून हे जमतं.

माझ्या मते मुंबईला याचा उपयोग २६ पेक्षा जास्त आहे. लोअर परळला चाळीस मजली टॉवरच्या पायथ्याशी बैठी चाळ असते. जुना अँटेना दोघांवर एकच झोत टाकायचा. आताचा पॅनेल तिसाव्या मजल्याला आणि चाळीला एकाच क्षणी, त्याच फ्रीक्वेन्सीवर, वेगवेगळा डेटा पाठवू शकतो. स्पेक्ट्रम तेवढाच, माणसं दुप्पट. हे पेपरातलं राहिलेलं नाही, रोज चालतं.

---

कल्याणवाली

अवांतर आहे, पण कल्याणचा विषय निघाल्याशिवाय अ‍ॅरेचा धागा पुरा होऊ देणार नाही! (विषय निघाला नव्हता, मी काढला.)

१९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी कल्याणला ३२ डिशची रेडिओ दुर्बीण उभी केली होती. प्रत्येक डिश १.८ मीटरची, ऑस्ट्रेलियातून आलेली, आणि सगळ्या मिळून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य बघायच्या. नंतर त्यांच्याच गटाने १९७० मध्ये उटीची दुर्बीण पुरी केली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि फोकसच्या रेषेवर १०५६ डायपोल (साधे दांडीसारखे अँटेना). उत्तर-दक्षिण दिशेला ती फेज बदलूनच वळते, तो सांगाडा त्या दिशेला हलवत नाहीत. लोलक म्हणतात तो १०२४ चा आकडा आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच ओलांडलेला आहे, फक्त साडेअठरा सेंटिमीटरऐवजी अर्ध्या किलोमीटरमध्ये. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी, ४५ मीटरच्या तीस डिश, हे त्याच घराण्यातलं.

आणि मिलिमीटर लहरींचंच म्हणाल तर जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकातच कलकत्त्यात त्या निर्माण केल्या होत्या, साठ गिगाहर्ट्झपर्यंतच्या.

---

खांबावरचा

कल्याणवाली ताई, कल्याणला कुठे होती ही दुर्बीण? मी तिथल्या एवढ्या साईट केल्या, कोणी बोललं नाही.

---

माटुंग्याचा_विद्यार्थी

लोलक सर, निअर फील्डबद्दल लिहा ना. आमच्या सेमिनारला 'एक्स्ट्रीमली लार्ज अ‍ॅरे' आहे आणि गाईड म्हणतात, "जुनं सपाट लहरींचं गणित विसरा". नेमकं काय विसरायचं तेच कळेना.

---

लोलक

चांगला प्रश्न. लांबून येणारी लहर अ‍ॅरेवर सपाट पोचते असं आपण धरतो. खरं तर ती गोलाकार असते, फक्त लांबून तिचा बाक जाणवत नाही. बाक कधीपासून जाणवतो याचा ठोकताळा असा: अ‍ॅरेच्या लांबीचा वर्ग दुप्पट करा आणि तरंगलांबीने भागा. मगाचचा साडेअठरा सेंटिमीटरचा फळा २६ गिगाहर्ट्झला सहा मीटरपर्यंतच 'जवळ' (निअर फील्ड) मानतो, म्हणजे चिंता नाही. पण फळा एक मीटरचा केलात की हीच सीमा १७० मीटरच्या पुढे जाते, १४० गिगाहर्ट्झला तर नऊशे मीटरच्या वर. मुंबईच्या गल्लीत मग सगळेच ग्राहक 'जवळचे' ठरले.

तिथे फक्त कोनावर झोत रोखला तर फटका बसतो, कारण फळ्याच्या कडेचे घटक चुकीच्या फेजमध्ये पडतात. उलट बाक धरून गणित केलं तर बक्षीस मिळतं. दिशेबरोबर अंतरही निवडता येतं, म्हणजे झोताऐवजी ठिपका. एकाच रेषेत पुढे-मागे बसलेल्या दोघांनाही वेगळं काढता येतं, जे सपाट लहरींच्या गणितात शक्यच नव्हतं. मात्र आता शोधायच्या जागा कोन गुणिले अंतर इतक्या झाल्या, म्हणजे सुरुवातीची चाचपडण्याची डोकेदुखी कैक पट. सेमिनारमध्ये प्रश्न इथेच येतील, तयारी करून जा. पवईत 'समीर' या सरकारी संशोधन संस्थेत मायक्रोवेव्हचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, गाईडना सांगून एकदा बघून या.

---

सेक्रेटरी_काका

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, वय ६८. समजलं ते एवढंच, की छोट्या डब्यात हजार अँटेना. आता माझं ऐका.

पूर्वी एका कंपनीने गच्चीवर खांब रोवले, वॉटरप्रूफिंगला भोकं पाडली, भाडं वेळेवर दिलं पण गळती आम्हालाच निस्तरावी लागली. आता दुसरे येऊन २६ चा डबा लावू म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी रेडिएशनवरून सभा डोक्यावर घेतली आहे. 'दहा वॅट आणि वर हजार पट' हे तुमचं वाक्य त्यांनी वाचलं तर माझं काही खरं नाही.

---

लोलक

काका, ते वाक्य त्यांना दाखवाच, पण पुढच्या हिशेबासकट.

दहा वॅट गुणिले १०२४ म्हणजे झोताच्या ऐन मध्यावर दहा हजार वॅटच्या दिव्याइतकं. भारताने २०१२ साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणलेली रेडिएशनची मर्यादा या पट्ट्यात दर चौरस मीटरला एक वॅट आहे. झोत एकाच जागी सतत रोखून धरला तर ही पातळी २८ मीटरवर येते, घटकांचा स्वतःचा गेन (एका दिशेला जोर देण्याचा गुण) धरला तर पन्नासच्या आसपास. म्हणजे "काहीच नसतं" असं सांगणारा एजंट खोटं बोलतो. पण झोत एकाच घरावर ठाण मांडून बसत नाही, क्षणाक्षणाला ग्राहक बदलतो, आणि सरासरी काही मिनिटांची काढायची असते. २६ ची लहर त्वचेत शिरतेही जेमतेम मिलिमीटरभर. पॅनेलच्या थेट खाली राहणाऱ्यांना तर सगळ्यात कमी, कारण झोत बाहेर जातो.

बाईंची खरी हरकत असायला हवी ती समोरच्या, त्याच उंचीवरच्या खिडकीबद्दल. ती किती मीटरवर आहे ते टेप लावून मोजा आणि कंपनीकडून झोताच्या उंचीचा नकाशा मागा. प्लॅनिंगवाल्याकडे तो असतोच.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

लोकलमध्ये कधी मिळणार हे? ठाणे ते दादर व्हिडिओ अडकतो.

---

लोलक

२६ वर थेट तुमच्या फोनला? विसरा. रुळापासून तीस मीटरवर साईट धरली आणि गाडी ताशी ८०, तर तीन अंशांचा झोत तुम्ही साधारण ०.०७ सेकंदात ओलांडता. पाठलाग तरीही जमेल, पण स्टीलचा डबा आणि दारात लटकलेली माणसं यांच्यातून आत शिरायचं कसं? डब्याच्या टपावर मोठा अ‍ॅरे आणि आत वायफाय, हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या सरळ आहे. तोवर खालचे पट्टे जिंदाबाद.

---

सेक्रेटरी_काका

मोजलं. समोरची खिडकी ४१ मीटर, पण आमच्या गच्चीपेक्षा दोन मजले खाली. नकाशा मागवला आहे. आणखी एक. आम्हाला पावसाआधी पत्र्याची शेड करायची आहे. शेड आधी करू की डबा आधी?

---

खांबावरचा

काका, शेड आधी. आणि फॅब्रिकेटरला सांगून रस्त्याकडच्या बाजूने पत्रा पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) दीड फूट आतच थांबवा. पॅनेलचा पाईप पॅरापेटला बाहेरून क्लॅम्पने धरता येतो, स्लॅबला एकही भोक लागत नाही. कोणी ड्रिल मशीन घेऊन वर आला तर खाली पाठवा. ॲग्रीमेंटमध्ये 'नॉन-पेनिट्रेटिंग माउंट' असं लिहून घ्या, हाच शब्द, म्हणजे नंतर वाद नको.